तिथीची पाऊणपट आणि माझा प्लॅनर

कचेरीत माझ्या प्लॅनरची टिंगल होते. होऊ दे. टिंगल करणाऱ्यांपैकी एकाचंही काम वेळेवर होत नाही, आणि माझ्या टेबलावर संध्याकाळी कागद पडून नसतो. दर डिसेंबरात मी राम आळीतल्या स्टेशनरीच्या दुकानात जाते. दुकानदार मला बघितल्या बघितल्या माळ्यावरचं खोकं खाली काढतो. मग मी पानं चाळते, कागद बोटांनी चोळते, शाई पलीकडे फुटत नाही ना ते त्याच्याच पेनाने बघते, आणि सगळ्यात जाडजूड प्लॅनर घेऊन घरी येते. फोनमधलं कॅलेंडर मला नाही जमत. ते टुंग करतं, आपण बोटाने बाजूला सारतो, विषय संपला. कागदावर लिहिलेलं काम असं सारता येत नाही.

माझी पद्धत सोपी आहे. डाव्या पानावर ठरवलेलं, उजव्या पानावर घडलेलं. डावं पान आदल्या संध्याकाळी लिहायचं आणि उजवं जसजसा दिवस जाईल तसतसं, खरं काय ते लिहायचं, स्वतःला फसवायचं नाही. आई त्याला पोथी म्हणते. "लागली का गो तुझी पोथी?" असं ती ताट वाढता वाढता विचारते. मी ऐकून घेते. पण याच पोथीने मी आमच्या घरात जे काम करून दाखवलंय ते सांगायला मला फार आवडतं, तेव्हा आज सांगतेच.

बाबा तांडेल होते, मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरचे. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. त्याने सांगायचं आणि खलाशांनी ऐकायचं. बाबांना घरीही तीच सवय, आणि त्यांचा आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर वर घाटीच्या चढावरच्या आमच्या घरात आई उठून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय, अर्धी जीभ.

लवकर नेलं म्हणून जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, औषधं आपलं काम करतील, पण पाय परत मिळवायचा असेल तर पहिले सहा महिनेच काय ते हातात आहेत. रोज दोनदा उभं करायचं, पाऊल टाकायला लावायचं, एक दिवस चुकवायचा नाही. या काळात पाय कामाला लागला तर लागला, नाहीतर पुढचं सगळं खाटेवर.

भीती तर वाटलीच. पण खरं सांगते, भीतीच्या खाली कुठेतरी मला जोरही आला. वेळापत्रक पाळायचंय ना? मग तुम्ही बरोब्बर माणसाला सांगितलंत.

बाबांसाठी मी वेगळा प्लॅनर आणला. गोळ्या लाल शाईने, जेवण निळ्या, व्यायाम हिरव्या. सकाळी दहाला एकदा आणि संध्याकाळी साडेपाचला एकदा. कचेरीतून मी महिनाभराची रजा काढली होती, आणि ती संपल्यावर उशिरा जायची नि लवकर निघायची सवलत मागून घेतली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची, आठवड्यातून दोनदा. चांगली हसरी होती. तिने सगळे प्रकार मला शिकवले आणि मी ते चित्रं काढून प्लॅनरच्या शेवटच्या पानांवर उतरवून घेतले. इतकी सुंदर तयारी मी माझ्या खात्याच्या परीक्षेलाही केली नव्हती.

पहिल्या दिवशी दहाला मी वॉकर घेऊन खाटेजवळ उभी राहिले.

"बाबा, चला. उभं राहायचंय."

"कशाला?" जीभ जड होती, पण एवढं स्पष्ट आलं.

"दहा वाजले."

"दहा रोज वाजतात गो, बाय." आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचे दीड-दोन महिने आमच्या घरात जे युद्ध झालं त्याची नोंद उजव्या पानांवर आहे. दहा वाजता, नाही म्हणाले. साडेपाचला भिंतीकडे तोंड केलं. दहाला आईला बोलावून माझी तक्रार केली. साडेपाचला खोटं घोरले. दहाला वॉकरला लाथ मारली, डाव्या पायाने. मी समजावलं, चुचकारलं, रागावले, जेवणार नाही म्हणून बसले. आई म्हणाली, तू नाही जेवलीस तर त्यांचा पाय हलणार आहे का? मग जेवले. कधी मनात आलं तर बाबा उभे राहायचे, पण ते भलत्याच वेळी, मी अंघोळीला गेलेली असताना किंवा आई देवाला दिवा लावत असताना. आणि एरवी त्या खाटेवर दगड. मला इतका संताप यायचा. हा माणूस मुद्दाम करतोय, मला हरवायला करतोय, असं वाटायचं.

मग एक दिवस त्या मुलीने त्यांचं पाऊल हातात धरून वळवून बघितलं आणि ती पहिल्यांदाच हसली नाही. पडवीत येऊन मला म्हणाली, "ताई, घोटा आखडायला लागलाय. असंच चाललं तर पुढे त्यांनी ठरवलं तरी पाय टेकणार नाही." ती गेल्यावर मी बराच वेळ पडवीतच बसून राहिले. प्लॅनर मांडीवर होता. त्यातली हिरवी अक्षरं बघून मला स्वतःचीच चीड आली.

त्यानंतरचा रविवार. दहाला मी पुन्हा वॉकर घेतला आणि निघाले, तर आई आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्ता नको उठवूस त्यांना. पाणी पार ओसरलंय."

"पाण्याचा काय संबंध?"

"संबंध नाही कसा? लग्न झाल्यापासून बघतेय मी. भरती लागली की हा माणूस घरात टिकत नाही, आणि ओहोटीला याला हलवायला चार जण लागतात. आता पडून आहेत तरी तेच. पाणी भरायला लागलं की बघ, चादर कशी पायाने ढकलत असतात."

मी वॉकर तिथेच भिंतीला टेकवला.

आमच्या बंदराच्या तोंडाशी गाळ आहे. मोठ्या बोटी पाणी पुरेसं भरलं की आत येतात, पाणी भरलं की बाहेर पडतात. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तसा तांडेलाचा दिवसही सरकतो. आज दुपारी निघायचं तर आठवड्याने संध्याकाळी. मी याच घरात वाढले. लहानपणी आमची जेवणं भरतीवर असायची. आई कधी सकाळी आठला भात टाकायची तर कधी दुपारी तीनला, आणि आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. वेळ काढायची रीत तर मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. इतकं साधं. आणि तीच मी, कॉलेजात जाऊन, कचेरीत चिकटून, आयुष्यभर भरतीवर उठलेल्या माणसाला दहा वाजले म्हणून उभं करत होते.

उजवी पानं काढली. बाबा आपण होऊन उठले ते दिवस बघितले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशीच्या तिथ्या बघितल्या. आईचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि एकटीच हसत सुटले. आई म्हणाली, "हिलाही वारं लागलं वाटतं."

त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. चारच्या सुमारास मी बाबांच्या खोलीत गेले. वॉकर नेला नाही, प्लॅनर नेला नाही. खिडकी उघडली आणि खाली बंदराच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "बाबा, पाणी भरतंय."

मी पाठ करूनच उभी राहिले. मग मागून आवाज आला, "पूर्ण कधी?"

"साडेचारला."

"मग बघत काय राहिलीस? हात दे."

बाबा उभे राहिले. उजवा पाय लटपटत होता, माझ्या खांद्यावर सगळा भार होता, पण उभे राहिले, आणि खिडकीपर्यंतची दोन-तीन पावलं त्यांनी ओढत का होईना टाकली. खिडकीच्या गजाला डाव्या हाताने धरून ते बाहेर बघत राहिले. एक बोट आत येत होती. "उशीर केला ह्याने," म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता.

त्या रविवारी मी हिरव्या शाईने लिहिलेली पुढची सगळी डावी पानं खोडली. पानावर छापलेले सात, आठ, नऊ तसेच राहू दिले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिथी लिहिली आणि पेन्सिलीने एक वळणदार रेघ मारली, जिथे भरती तिथे फुगलेली. व्यायाम त्या फुगवट्यावर. बाबांनी हे बघितलं आणि लगेच म्हणाले की गोळ्याही भरतीवर द्या. मी म्हटलं, "गोळ्या घड्याळाने. तिथे तुमची तांडेलकी चालायची नाही." घुश्शात तोंड फिरवलं, पण गोळी घेतली.

आता पंचाईत माझी झाली. भरती बाबांच्या पायाला मानवली, माझ्या कचेरीला कशी मानवणार? चतुर्थी-पंचमीला भर दुपारी तीन-पावणेचारला मी घरी हवी, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. मी पंधरा दिवसांचं पान बनवलं आणि कचेरीच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवलं. कोणत्या दिवशी लवकर येईन, कधी मधेच जाऊन परत येईन, राहिलेलं काम कधी भरून काढेन, सगळं रकान्यात. मॅडमनी चष्मा वर केला.

"अमावास्येला दुपारी बाराला घरी काय असतं तुमच्या?"

"वडिलांना चालवायचं असतं."

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हणाल्या की त्यांच्या गावाला एक चांगला भगत आहे, नारळ-लिंबं आपण न्यायची, तो पैसे मागत नाही. पाली बाजूच्या एका शिपायाने तर विचारलं, उतारा वडिलांवरून कुठल्या हाताने काढता? मी आधी चिडले आणि मग मला हसू आवरेना. शेवटी कागदावर तिथीची पाऊणपट करून दाखवली. मॅडम घाटावरच्या, त्यांना हे नवीन होतं. त्यांनी फोन काढून त्या दिवशीची भरती बघितली, माझ्या आकड्याशी ताडून पाहिली आणि पानावर सही केली. वर म्हणाल्या, "काम मात्र थकता कामा नये." थकलं नाही. एक कागद नाही थकला.

खाटेपासून खिडकी, खिडकीपासून दार, दारापासून पडवी. रात्रीबेरात्रीची भरती आम्ही सोडून दिली, बाबा म्हणायचे ती मी झोपेत चालतो. आखडलेला घोटा सैल झाला. ती मुलगी आली, पाऊल वळवून बघितलं, पुन्हा वळवून बघितलं, आणि विचारलं, "ताई, काय केलंत?" मी फुशारकीने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ज्या वेळी करतील तीच व्यायामाची वेळ." आणि बाबांना विचारलं, "काका, माझी यायची वेळ पण भरतीवर ठेवू का?" बाबा म्हणाले, "ठेव. उशीर केलास तर बोट सुटेल."

सगळं सरळ झालं असं नाही. मार्चात अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर पाय घसरला आणि ते बसले. लागलं थोडं, घाबरले जास्त. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं तरी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर ओरडले, सहा महिने संपत आले म्हणून ओरडले, कचेरीत लोकांची बोलणी कोणासाठी खातेय म्हणून ओरडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तिथी काय आज?"

"नवमी."

"मग? भांग आहे. भांगाला पाणी कमी चढतं. अडलेल्या बोटीशी कोणी मारामारी करतं का? उधाणाला बघू."

भांग म्हणजे अष्टमी-नवमीची सुस्त भरती, आणि उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची जोराची. बहाणा होता की खरं होतं, देव जाणे. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपण होऊन हाक मारली आणि त्याच पायरीवरून खाली उतरले, अंगण पार करून फाटकापर्यंत गेले. तेव्हापासून पानावरची पेन्सिलीची रेघ मी भांगाला बुटकी काढायला लागले आणि उधाणाला उंच. भांगाच्या दिवशी थोडंच चालायचं आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही. खरं तर अष्टमीच्या आसपास भरती सहा-सातला असते, तेच दिवस माझ्या कचेरीला सोयीचे, आणि नेमके तेच भांगाचे. पण आता मी वाद घालत नव्हते. माझ्या स्वतःच्या प्लॅनरमध्येही मी दर पंधरवड्यात दोन दिवस असे बुटके ठेवायला लागले. त्या दिवशी मी कचेरीतून आल्यावर काही करत नाही. आईला याचं अजून नवल वाटतं.

मे उजाडला. डॉक्टरांचे सहा महिने संपले होते आणि बाबा चार पायांच्या काठीवर घाटीच्या वळणापर्यंत जाऊन येत होते. डॉक्टर म्हणाले, शाबास. बाबांना शाबासकी नको होती. त्यांना पाऊस सुरू होऊन बोटी किनाऱ्यावर ओढायच्या आत जेटीवर जायचं होतं, आणि रिक्षाने नाही. "रिक्षातून उतरलेला तांडेल बघायचाय काय लोकांना?" असं म्हणाले. ते मला पटलं. डाव्या पानावर मी लिहिलं, जेटी, पायी.

अमावास्येनंतरची एकादशी, भरती सकाळी सव्वाआठची. आम्ही पुष्कळ आधी निघालो. घाटी उतरताना दोनदा थांबलो. बंदरावर पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव जोरात होता. टोपल्या, बर्फाचे चुरे, ओरडाओरडा, पायाखाली पाणीच पाणी. मला वाटलं, झालं, आता घसरतात. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"तू हितंच थांब," म्हणाले. "मी येतो."

आणि गेले. काठी टेकत, उजवं पाऊल जरासं बाहेर टाकत, माणसांच्या मधून. कोणीतरी "तांडेल आले" म्हणालं, दोन-तीन डोकी वळली, मग गर्दी पुन्हा मिटली आणि ते मला दिसेनासे झाले.

मी बर्फाच्या गाडीजवळ उभी राहिले. दिवाळीपासून त्या सकाळपर्यंत असा एक तास गेला नव्हता जेव्हा बाबा कुठे आहेत आणि काय करताहेत हे मला ठाऊक नव्हतं. उठलेले असोत, झोपलेले असोत, रुसलेले असोत, सगळं माझ्या उजव्या पानांवर होतं. आता मी टाचा उंच करून बघत होते आणि ते कुठेच नव्हते. एकदा वाटलं, आत घुसावं. मग वाटलं, कशाला? पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. संपवला. दुसरा घेतला. मी इतकी खूश होते की चहावाल्याने विचारलं, ताई, आज काय विशेष?

बाबा आले ते त्यांच्या मर्जीने, पाणी ओसरायला लागल्यावर. डाव्या हातात काठी होती. उजव्या हाताच्या दोन बोटांत अडकवलेली पिशवी होती आणि पिशवीत दोन सरंगे मासे. त्या हाताचा व्यायाम मी नावालाच घेत होते. मी पिशवी घ्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे. आईला सांग, हळदीच्या पानात घालून कर."

संध्याकाळी प्लॅनर उघडला. सकाळी आठ ते दहाच्या समोर काय लिहावं मला कळेना, कारण मला काही माहीतच नव्हतं. मग मी लिहिलं, बाबा बाहेर गेले होते.